लाकडी नंदी प्लॅस्टिकचा वाटतो आणि साचलेल्या पाण्यातले प्रतिबिंब मध्येच नाहीसे होते : ब्लेंडरमध्ये काय सुधारावे?

महालची_गल्ली (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात महाल भागात राहते आणि नोकरी सांभाळून फावल्या वेळात ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटी अ‍ॅनिमेशन करते. सध्या तान्ह्या पोळ्यावर सुमारे 40 सेकंदांचा एक प्रसंग करीत आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुले चाके लावलेले लाकडी नंदी सजवून मिरवतात आणि घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे बक्षिसी, मागतात. माझ्या प्रसंगात दुपारी पाऊस पडून गेला आहे, संध्याकाळचे पाच वाजत आले आहेत आणि एक मुलगा जुन्या दुमजली वाड्यांच्या गल्लीतून आपला नंदी दोरीने ओढत चालला आहे. कॅमेरा नंदीच्याच उंचीवर, जमिनीपासून वीतभर वर ठेवला आहे आणि सिमेंटच्या रस्त्यावर जागोजागी पाणी साचलेले आहे.

हालचाल मनासारखी साधली आहे. अडचण आहे ती दिसण्याची. पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेला नंदी हुबेहूब प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा वाटतो. गळ्यातले पितळी घुंगरू मळकट तपकिरी दिसतात, मेटॅलिक (धातूपणाचे सेटिंग) पूर्ण वाढवले तर ते राखाडी-काळे पडतात. साचलेले पाणी एखाद्या ठिकाणी काच ठेवल्यासारखे वाटते, त्याचा पृष्ठभाग चुरगळलेला दिसतो आणि कॅमेरा जरा खाली वळला, की त्यातले वाड्याच्या वरच्या मजल्याचे प्रतिबिंब एकदम पुसले जाते. शिवाय सूर्य भरपूर प्रखर ठेवूनही एकंदर चित्र सपाटच आहे.

मी ब्लेंडर 4.2 वापरते आणि रेंडर (अंतिम चित्र काढण्याचे काम) त्यातल्या ईव्ही या झटपट इंजिनामध्ये करते. एकच सन लाइट आहे, वर्ल्डचा (देखाव्याभोवतीच्या पार्श्वभूमीचा) रंग राखाडी आहे, लाकडाचे टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचे चित्र) इंटरनेटवरून घेतले आहे आणि रफनेस (खरखरीतपणा; तो कमी तितकी चकाकी जास्त) सगळीकडे 0.5 आहे. ग्राफिक्स कार्डाची मेमरी 6 जीबी आहे. चित्र झगमगीत व्हावे अशी माझी अपेक्षा नाही. महालात राहणाऱ्या माणसाला ती गल्ली आपली वाटावी, एवढे मात्र मनापासून वाटते. सुरुवात कुठून करावी?

सावली_आधी

ताई, सुरुवात प्रकाशापासून करा आणि तो बसेपर्यंत मटेरियलला हात लावू नका. व्ह्यू लेयरच्या पानावर ओव्हरराइड नावाची सोय आहे. तिथे एक साधे राखाडी मटेरियल दिले, की सगळा देखावा मातीच्या कोऱ्या मूर्तींसारखा एकरंगी होतो. त्या अवस्थेत वेळ संध्याकाळची वाटत नसेल, तर पुढे कितीही टेक्स्चर चढवली तरी ती वाटणार नाही. तुमच्या 4.2 आवृत्तीत ओव्हरराइड सायकल्स या दुसऱ्या, संथ पण अधिक वास्तव इंजिनामध्येच चालते, म्हणून तेवढ्या तपासणीपुरते इंजिन बदलावे लागेल.

आता तुमच्या सूर्याविषयी. तान्हा पोळा बहुधा ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरमध्ये येतो. नागपूरचे अक्षांश 21.15 अंश उत्तर आहेत आणि आपल्याकडे खरी मध्यान्ह घड्याळातल्या सव्वाबाराच्या सुमारास होते. त्यावरून हिशेब केला, तर ऑगस्टअखेरीस संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण 20 ते 21 अंशांवर आणि जवळजवळ थेट पश्चिमेला असतो. म्हणजे प्रत्येक वस्तूची सावली तिच्या उंचीच्या अडीचपटीहून लांब पडते. दुमजली वाडा 6 मीटर उंच धरला, तर त्याची सावली 15 मीटरांपलीकडे जाईल. म्हणून माझा पहिला प्रश्न असा, की तुमची गल्ली कोणत्या दिशेने जाते? ती पूर्व-पश्चिम असेल, तर ऊन गल्लीच्या लांबीने आत शिरेल आणि नंदीची लांबलचक सावली रस्त्यावर मिळेल. ती उत्तर-दक्षिण असेल आणि रुंदी 4 मीटर असेल, तर त्या वेळी जमिनीवर ऊन पडणेच शक्य नाही. पश्चिमेकडच्या वाड्याची सावली समोरच्या भिंतीवर सुमारे साडेचार मीटर उंचीपर्यंत चढलेली असेल आणि ऊन फक्त त्याच्या वर, माडीच्या कठड्यावर आणि वळचणीवर राहील. सूर्य प्रखर असूनही चित्र सपाट दिसण्याचे कारण बहुधा इथेच आहे: ऊन जिथे पोहोचत नाही तिथे ते पोहोचवण्यासाठी सूर्य उंच चढवलेला असतो आणि त्यामुळे पाच वाजल्याचा भासच उरत नाही.

सन लाइटचा अँगल मूळचा 0.526 अंश असतो. तो आकाशातल्या सूर्यबिंबाच्या प्रत्यक्ष आकाराएवढा आहे, म्हणून निरभ्र आकाशासाठी योग्यच आहे. पावसानंतर विरळ ढग असतील, तर तो 3 ते 5 अंश करा, म्हणजे सावलीच्या कडा दूर जाता जाता मऊ होतील. वर्ल्डचा राखाडी रंग मात्र आजच काढा आणि तिथे स्काय टेक्स्चरमधला निशिता हा प्रकार लावा. त्यातले सन डिस्क बंद ठेवा, सूर्याची उंची आणि दिशा सन लाइटशी जुळवून घ्या आणि बॅकग्राउंडची स्ट्रेंग्थ 0.1 ते 0.3 यांच्या दरम्यान आणा, कारण हे आकाश मुळात फार प्रखर येते. सावलीतल्या जमिनीला उजेड मिळतो तो आकाशाकडून, म्हणून ती किंचित निळसर दिसते आणि माडीवरचे ऊन पिवळसर. या दोन रंगांतला फरक म्हणजेच संध्याकाळ. राखाडी वर्ल्डमध्ये तो फरक निर्माणच होत नाही.

महालची_गल्ली

गल्ली उत्तर-दक्षिणच आहे आणि रुंदी साधारण तेवढीच आहे. नंदीवर ऊन दिसावे म्हणून मी सूर्य 50 अंशांवर ठेवला होता. आता तो 20 अंशांवर आणून राखाडी ओव्हरराइडमध्ये पाहिले, तर गल्ली सावलीत गेली, माडीचा कठडा उजळला आणि प्रथमच वेळ ओळखू आली. मात्र नंदी आता फारच मंद दिसतो.

वार्निश

तो मंद दिसत असेल, तर प्रकाश वाढवण्याऐवजी मटेरियल तपासावे, कारण सावलीतल्या वस्तूचा आकार डोळ्यांना कळतो तो मुख्यतः तिच्या चकाकीवरून. मी लाकडी वस्तू पुष्कळ रंगवल्या आहेत, प्रत्यक्षात आणि संगणकावरही, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट मापाची. नंदी 30 सेंटीमीटर लांब असेल, तर तो ब्लेंडरमध्येही 0.3 मीटरच असला पाहिजे आणि त्याचे स्केल अप्लाय केलेले (बदललेले माप पक्के केलेले) असले पाहिजे. मूर्ती दोन मीटरांची करून कॅमेरा मागे नेला, तर बंप (पृष्ठभागाचा आभासी उठाव), बेव्हल (कडांची गोलाई) आणि कॅमेऱ्याची फोकसची खोली ही सगळीच मापे बिघडतात आणि खेळणे पुतळ्यासारखे वाटू लागते. दुसरी गोष्ट कडांची. सुताराने पटाशीने काढलेली आणि नंतर पॉलिश पेपरने घासलेली कड कधीही धारदार नसते. शिंगांच्या बुडाशी, पाटाच्या कडांना आणि चाकांना एक-दीड मिलिमीटरचे बेव्हल द्या. आकाशाचा उजेड त्या बारीक गोलाईवर रेघेसारखा चमकतो आणि मंद उजेडातही आकृती मागच्या भिंतीपासून सुटी होते. एवढ्यानेच तुमची निम्मी तक्रार दूर होईल, असे मला वाटते.

आता रंग. तुम्ही लाकडाचे टेक्स्चर बेस कलरला जोडून त्यावर पांढरा रंग मिसळला असावा, असा माझा अंदाज आहे. ऑइलपेंट अपारदर्शक असतो. त्याखालच्या लाकडाच्या रेषा रंगातून दिसत नाहीत, दिसतात त्या फक्त उठावातून. म्हणून बेस कलर साधा पांढरा ठेवा, पण 1.0 नव्हे, 0.75 ते 0.8, कारण नुकताच पडलेला बर्फसुद्धा साधारण 0.8 ते 0.9 एवढाच प्रकाश परत पाठवतो. लाकडाचे चित्र फक्त बंपला जोडा आणि बंपचे डिस्टन्स 0.001 करा. त्यावर ब्रशच्या फटकाऱ्यांसाठी एका दिशेने ताणलेला नॉइज (अनियमित नक्षी) अगदी हलका द्या. चाकांच्या कडांना आणि शिंगांच्या टोकांना जिथे रंग उडाला असेल, तेवढ्याच ठिकाणी मास्क (कुठे काय दिसावे ते ठरवणारे काळे-पांढरे चित्र) लावून खरे लाकूड दाखवा.

प्लॅस्टिकचा भास होण्याचे खरे कारण मात्र सगळीकडे सारखा असलेला रफनेस हे आहे. साच्यातून निघालेल्या वस्तूची चकाकी सर्वत्र एकसारखी असते, हाताने रंगवून वर्षानुवर्षे वापरलेल्या वस्तूची नसते. नंदीचे वशिंड आणि पाठ मुलांच्या हातांनी गुळगुळीत झालेली असते, तिथे रफनेस 0.2पर्यंत उतरवा, पोटाखाली आणि कानांच्या खाचांत वर्षभराची धूळ बसलेली असते, तिथे तो 0.6 ते 0.7 असू द्या. दोन्हींमधले संक्रमण नॉइजने थोडे विस्कटून टाका. रफनेससाठी चित्र वापरणार असाल, तर त्याची कलर स्पेस नॉन-कलर हवी. ती एसआरजीबी (रंगीत चित्रांसाठीची नेहमीची पद्धत) राहिली, तर ब्लेंडर त्यातले आकडे बदलून वाचतो आणि तुम्ही ठरवलेली चकाकी कधीच मिळत नाही. नॉर्मल मॅपलाही (उठावाची दिशा रंगांत साठवणाऱ्या चित्रालाही) हाच नियम लागू आहे. खाचा फुगवट्यांसारख्या दिसत असतील, तर तो नॉर्मल मॅप डायरेक्टएक्स पद्धतीचा आहे असे समजा आणि त्याचा हिरवा चॅनेल उलटा करा, कारण ब्लेंडर ओपनजीएलची पद्धत पाळतो.

घुंगरांचे मेटॅलिक 1 हवेच. पितळेचा बेस कलर 0.89, 0.79, 0.43 याच्या आसपास आणि रफनेस 0.2 ठेवा. मेटॅलिक वाढवल्यावर ते काळे पडत होते, कारण धातूला स्वतःचा विखुरलेला रंग नसतोच. समोर जे असेल तेच तो आपल्या छटेत दाखवतो आणि तुमच्या देखाव्यात त्याच्यासमोर राखाडी वर्ल्डखेरीज काही नव्हते. आता आकाश आले आहे. आणखी एक करा: कॅमेऱ्याच्या मागे गल्लीचा उरलेला भाग उभा करा. तो चित्रात दिसणार नाही, तपशिलाचाही लागणार नाही, साध्या रंगवलेल्या पेट्या चालतील. पण घुंगरांत उजळ आकाशाची पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना भिंतींच्या गडद पट्ट्या उमटल्या, की पितळ पितळासारखे दिसू लागेल. घरी एखादी स्टीलची पळी उलटी धरून तिच्या फुगीर बाजूत दारातला देखावा पाहा. आकाश, भिंती आणि जमीन कोणत्या प्रमाणात उमटतात ते तिथे स्पष्ट कळते.

तिरपी_नजर

पाण्याविषयी लिहिते, कारण इथे भौतिकशास्त्र तुमच्या बाजूने आहे आणि सेटिंगपेक्षा ते समजून घेणे अधिक उपयोगी पडते.

पाण्याचा अपवर्तनांक 1.333 आहे. सरळ वरून पाहिले, तर त्याच्या पृष्ठभागावरून सुमारे 2 टक्केच प्रकाश परावर्तित होतो. नजर लंबापासून 60 अंश तिरपी झाली, तरी हे प्रमाण सुमारे 6 टक्के असते. 80 अंशांवर मात्र ते 35 टक्क्यांच्या घरात जाते आणि त्यापुढे झपाट्याने वाढते. म्हणजे उभ्या माणसाला पायाजवळच्या पाण्यात तळाचे सिमेंट दिसते आणि लांबच्या पाण्यात आकाश. तुमचा कॅमेरा वीतभर उंचीवर आहे, त्यामुळे जवळजवळ सगळे पाणी त्याला अतिशय तिरपे दिसते आणि त्यात ठळक प्रतिबिंब येणे रास्तच आहे. पाणी काचेसारखे दिसते ते प्रतिबिंब जास्त असल्यामुळे नव्हे. बहुधा तुम्ही पाण्याला मेटॅलिक दिले आहे किंवा ग्लॉसी शेडर (फक्त चकाकी देणारे मटेरियल) एकटाच वापरला आहे, त्यामुळे कोन बदलला तरी परावर्तन बदलत नाही. प्रिन्सिपल्ड या नेहमीच्या शेडरमध्ये मेटॅलिक 0 आणि आयओआर (अपवर्तनांक) 1.333 ठेवले, की कोनाचा हा सगळा हिशेब तो स्वतः करतो.

दुसरे म्हणजे पाणी ही वेगळी वस्तू म्हणून रस्त्यावर ठेवू नका. एकच रस्ता आणि त्यावर एक काळा-पांढरा मास्क ठेवा. मास्कच्या आत बेस कलर निम्म्यापर्यंत गडद करा, रफनेस 0.03 करा आणि रस्त्याच्या नॉर्मल मॅपचा जोर शून्यावर आणा. तुमचे पाणी चुरगळलेले दिसते ते याचमुळे, की सिमेंटचा खडबडीतपणा पाण्याच्या पृष्ठभागावरही लागू होत आहे. मास्कच्या कडेला ओलसर पट्टा हवा: तिथे पाणी साचलेले नसते, पण सिमेंट ते शोषून काळसर झालेले असते, म्हणून रंग गडद आणि रफनेस 0.4 ते 0.5. हा पट्टा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असावा, कारण रस्ता कुठेही पूर्ण समपातळीत नसतो. खरे सांगायचे, तर पाऊस पडून गेल्याचे या पट्ट्यावरूनच कळते.

प्रतिबिंब पुसले जाण्याचे कारण असे, की ईव्हीचे रेट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग) स्क्रीन-ट्रेसवर चालते आणि जे पडद्यावर आहे तेवढेच त्याला ठाऊक असते. कॅमेरा खाली वळला आणि माडी चौकटीबाहेर गेली, की पाण्यात दाखवायला त्याच्याकडे काही उरत नाही. आणि आधीच्या उत्तरातला सूर्याचा हिशेब पाहिला, तर सगळ्या गल्लीत ऊन फक्त त्या माडीवरच आहे. पाण्यातून ती गेली, तर चित्रातला सर्वांत उजळ भागच जातो. यावर उपाय म्हणजे लाइट प्रोबमधला (आजूबाजूचा उजेड टिपणाऱ्या साधनांमधला) सपाट पृष्ठभागासाठीचा प्लेन प्रोब. तो रस्त्याच्या पातळीवर, पृष्ठभागाच्या किंचित वर, सगळी डबकी झाकतील एवढा मोठा ठेवा. प्रत्येक प्लेन प्रोबमागे ब्लेंडरला देखावा पुन्हा एकदा काढावा लागतो, म्हणून डबक्यागणिक प्रोब लावू नका. पाणी एकाच पातळीवर राहील असे पाहिले, तर एकच पुरतो. घुंगरांसाठी मात्र याचा उपयोग नाही, तिथे जवळ एक स्फिअर प्रोब ठेवा.

सावली_आधी

प्लेन प्रोबने प्रतिबिंब टिकेल हे मान्य, पण ओलसर पट्ट्यातले अस्पष्ट, खाली ओघळल्यासारखे प्रतिबिंब आणि लाल झुलीचा नंदीच्या पांढऱ्या पायांवर पडणारा तांबूस उजेड या दोन गोष्टी सायकल्समध्ये जितक्या सहज मिळतात, तितक्या ईव्हीत मिळत नाहीत. माझे मत असे, की 40 सेकंदांच्या कामासाठी सायकल्सचा वेळ सोसावा.

महालची_गल्ली

दोन्ही करून पाहिले. मटेरियल बदलल्यावर नंदीचा मंदपणा गेला आणि घुंगरांत आकाशाची पट्टी आली. प्लेन प्रोबने माडीचे प्रतिबिंब टिकले. सायकल्समधले ओले सिमेंट मात्र निःसंशय सरस आहे. अडचण अशी, की सायकल्समध्ये एक फ्रेम सुमारे दोन मिनिटे घेते, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या गतीने 960 फ्रेमना 32 तास लागतील. शिवाय डिनॉइज केलेल्या (दाणेदारपणा पुसलेल्या) फ्रेम सलग लावल्या, की सावलीतल्या भिंती उकळल्यासारख्या हलतात. फक्त पाण्याचे शॉट सायकल्समध्ये आणि बाकीचे ईव्हीत केले तर चालेल का?

तिरपी_नजर

एकाच गल्लीतले लागोपाठचे शॉट दोन इंजिनांत करू नका. सावलीतल्या भिंतींचा उजेड दोन्हीकडे वेगळा येतो आणि कट झाल्याबरोबर तो फरक डोळ्यांत भरतो. ईव्ही वापरायचेच असेल, तर जिथे जागाच बदलते, उदाहरणार्थ मुलगा एखाद्या घराच्या ओसरीवर चढतो, तिथपासून वापरा.

भिंती हलतात, कारण प्रत्येक फ्रेममधला दाणेदारपणा वेगळा असतो आणि ओपन इमेज डिनॉइज हा डिनॉइजर प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे पुसतो, त्यामुळे त्याचा अंदाज दर फ्रेमला थोडा वेगळा निघतो. डिनॉइजरवरचा भार कमी करा: नॉइज थ्रेशोल्ड (चालण्याजोगा दाणेदारपणा) 0.02 आणि कमाल सॅम्पल (पिक्सेलमागे किरण) 400 ते 500 ठेवून पाहा आणि डिनॉइजरला अल्बेडो (मूळ रंग) व नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) हे दोन्ही पास, म्हणजे सुटे थर, द्या. वेळ दुसरीकडून वाचवा. उघड्यावरच्या देखाव्याला प्रकाशाच्या 12 उड्या लागत नाहीत, 6 पुरतात. कॉस्टिक्स (चकचकीत वस्तूंवरून एकवटून पडणारा उजेड) बंद करा. घुंगरांवरून उडून भिंतीवर चमकणारे पांढरे ठिपके बहुतांशी त्यानेच जातील, उरलेल्यांसाठी इनडायरेक्ट क्लॅम्प (उडून आलेल्या उजेडाची कमाल मर्यादा) 10वरून 4 किंवा 5वर आणा. पर्सिस्टंट डेटा चालू केला, की न बदलणारे वाडे दर फ्रेमला नव्याने मेमरीत चढवावे लागत नाहीत.

मेमरीचाही विचार करा. 4096 पिक्सेलचे एक साधे टेक्स्चर कार्डावर सुमारे 64 एमबी जागा घेते, 1024चे त्याच्या सोळाव्या हिश्शात बसते. लांबच्या भिंतींना 1024 पुरेसे आहे. 4096 फक्त नंदीसाठी आणि कॅमेऱ्याजवळच्या रस्त्यासाठी राखून ठेवा.

वार्निश

एक भर घालतो. थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर करू नका, ओपनईएक्सआरच्या सुट्या फ्रेम काढा. रात्रीतून लाइन गेली, तरी झालेल्या फ्रेम सुरक्षित राहतात आणि पुढच्या क्रमांकापासून काम सुरू करता येते. शिवाय ईएक्सआरमध्ये उजेडाचे मूळ आकडे टिकून राहतात, म्हणून एक्सपोजर किंवा एजीएक्सचा (उजेडाचे आकडे पडद्यावरच्या रंगांत बसवणाऱ्या पद्धतीचा) कॉन्ट्रास्ट नंतर बदलता येतो. तुमची गल्ली सावलीत आणि माडी उन्हात असल्यामुळे हा समतोल शेवटी एकदा तरी हलवावा लागेलच. पूर्ण रेंडर लावण्यापूर्वी फ्रेम स्टेप 24 करून दर सेकंदाची एक फ्रेम काढा. त्या 40 चित्रांत, दोन मिनिटांच्या हिशेबाने दीड तासाच्या आत, पाण्याच्या मास्कमधल्या आणि घुंगरांच्या चमकीतल्या बहुतेक चुका सापडतील.